नव्या फॅमिली एसयूव्हीचे ब्रेक पॅड आणि टायर लवकर संपतात तेव्हा काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

मोठ्या फॅमिली एसयूव्हीच्या मालकांची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. गाडी नवी आहे, सर्व्हिस वेळेवर झाली आहे, चालवतोही सांभाळून, तरी मागचे पॅड संपले. किंवा टायर समोरून बरे दिसतात, पण चाक काढल्यावर आतल्या कडेला तार उघडी पडलेली. मग पॅड बदलतात, टायर बदलतात. मूळ कारण मात्र गाडीतच राहतं आणि नवा मालही त्याच वेगाने झिजतो.

अशी गाडी दुसऱ्यांदा आली की मी आधी जुने पॅड मागतो. बहुतेक वेळा ते फेकून दिलेले असतात आणि खरी माहिती त्यांच्याबरोबरच गेलेली असते. पॅड किती झिजला यापेक्षा कसा झिजला हे महत्त्वाचं: आतला की बाहेरचा, डावा की उजवा, सरळ की तिरका. टायरचंही तसंच. खालच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीत करायचं काम एकच आहे, एका बाजूची दुसऱ्या बाजूशी तुलना. त्यामुळे पार्ट बदलून घेणार असाल तर आधीच सांगून ठेवा की जुने पॅड कुठल्या चाकाचे आणि आतले की बाहेरचे हे लिहून परत द्या.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढे वाचा.

- मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपले, किंवा एकाच चाकाचे पॅड बाकीच्यांपेक्षा फार लवकर संपले.
- एका रिमवर काळी पूड जास्त साचते, किंवा गाडी थांबवल्यावर एकाच चाकापाशी जळका वास येतो.
- टायरची आतली कड गुळगुळीत आणि बाहेरची जवळजवळ नवी.
- टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं लागतं.
- वेग वाढला की गुणगुण किंवा घरघर येते आणि ती बेअरिंगची वाटते.
- सरळ रस्त्यावर स्टीअरिंग थोडं तिरकं धरावं लागतं.
- ब्रेक मारताना पेडलला किंवा स्टीअरिंगला थरथर जाणवते.
- मायलेज हळूहळू कमी झालं आहे आणि इंजिनात काही दोष सापडत नाही.

शेवटच्या लक्षणाकडे सहसा दुर्लक्ष होतं. ब्रेक थोडासा धरून राहिला किंवा चाकं तिरकी पळत असली तर इंजिनाला सतत जास्त ओढावं लागतं.

लवकर म्हणजे किती?

किलोमीटरचा एकच आकडा कुणी सांगत असेल तर त्यावर फार विसंबू नका. शहरातली थांबत-चालत धाव आणि मोकळ्या महामार्गावरची धाव यांत पॅडचं आयुष्य सहज दुप्पट-तिप्पट बदलतं. किलोमीटर मोजण्यापेक्षा मिलिमीटर मोजा. नव्या पुढच्या पॅडवर साधारण १० ते १२ मिमी लायनिंग (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासणारा थर) असतं, मागच्यावर बहुधा त्याहून कमी. ३ मिमी उरलं की बदलायची तयारी करायची आणि २ मिमीच्या खाली गाडी चालवायची नाही. नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिमी खोल असते. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी आहे आणि खाचेच्या तळातल्या छोट्या उंचवट्यांची पातळी तीच असते. पण पाऊस असेल तर ३ मिमीच्या खालीच टायरची पकड बरीच कमी होते.

या गाड्या जड असतात हेही लक्षात घ्या. माणसं आणि सामान भरलेली, दोन टन वजनाची गाडी ताशी १०० किमी वेगावरून थांबवायची तर ब्रेकना सुमारे ७७० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी ८० वरून थांबवताना हा आकडा ४९५ च्या आसपास येतो. वेग पाचव्या भागाने कमी, पण ब्रेकवरचं काम एक तृतीयांशाहून जास्त कमी. पॅडचा दर्जा कितीही चांगला असला तरी हे गणित बदलत नाही.

मागचे पॅड आधी संपणं हा स्वतःहून दोष नाही, हेही सांगायला हवं. जुन्या गाड्यांत पुढचे ब्रेक बहुतेक काम करायचे आणि मागचे कितीतरी जास्त टिकायचे. नव्या गाड्यांत हलके ब्रेक मारताना गाडीचं नाक खाली जाऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मागच्या ब्रेकना जास्त काम देते. शिवाय वळणावर गाडी सावरणं, घसरणारं चाक आवरणं, उतारावर वेग धरून ठेवणं, अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझमध्ये पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, ही सगळी कामं तुमचा पाय पेडलवर नसतानाही ब्रेक वापरूनच होतात. त्यात मागचा पॅड मुळातच पातळ. म्हणून मागचे दोन्ही पॅड डावी-उजवीकडे सारखे झिजले असतील तर तो बहुधा वापराचा परिणाम असतो. एकाच बाजूचा झिजला असेल तर तो दोष आहे आणि तो शोधायलाच हवा.

१. हवा, पण थंड टायरमध्ये

यासाठी फक्त गेज लागतो आणि तरीही सगळ्यात जास्त टायर हवेमुळेच वाया जातात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा घ्या. टायरच्या बाजूवर छापलेला दाब ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. बऱ्याच स्टिकरवर दोन आकडे असतात: एक थोड्या माणसांसाठी, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. सात जण आणि सामान घेऊन लांब निघताना मागच्या टायरमध्ये पहिल्याच आकड्याइतकी हवा ठेवली, तर टायरच्या दोन्ही कडा जमिनीवर दाबल्या जाऊन झिजतात.

तपासणी सकाळी, गाडी हलवण्याआधी करा. तापमान १० अंश सेल्सिअसने बदललं की दाब दीड ते दोन पीएसआयने बदलतो आणि चालवून गरम झालेल्या टायरमध्ये तो त्याहून जास्त दिसतो. गरम टायरमधली ‘जास्त’ हवा काढून टाकली की थंड झाल्यावर ती कमीच भरते.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. बहुतेक नियमांनुसार तो दिवा हवा २० ते २५ टक्के कमी झाल्यावर लागायचा असतो. म्हणजे ३६ पीएसआय हवी असलेला टायर २८ वर येईपर्यंत तुम्हाला काहीच कळलेलं नसतं आणि तेवढ्यात कडा घासून झालेल्या असतात. काही गाड्यांत तर दाब मोजणारा सेन्सरच नसतो. एबीएसच्या सेन्सरवरून चाक किती वेगाने फिरतंय यावरून अंदाज बांधला जातो. अशा गाडीत हवा भरल्यावर मेन्यूतून यंत्रणा रीसेट केली नाही, तर ती चुकीच्या दाबालाच योग्य मानून बसते.

२. डोळ्यांनी आणि हाताने टायर वाचा

पुढची चाकं बघायला स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मग दुसऱ्या. आतली कड समोर येते. मागची चाकं वळत नाहीत, म्हणून त्यांची आतली कड कुणीच बघत नाही आणि तार उघडी पडेपर्यंत पत्ता लागत नाही. खाली वाकून बॅटरीच्या उजेडात बघा किंवा मोबाइल आत धरून फोटो काढा. हे महिन्यातून एकदा केलं तरी पुरेसं आहे.

खाचेची खोली मोजणारा छोटा गेज असेल तर प्रत्येक टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग शाबूत, तर हवा कमी किंवा वजन जास्त. मधलाच झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर चुकलेलं अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा सैल झालेला जोड. नक्षीवर एका दिशेने धार आली असेल तर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं आहे. ही धार डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी तळहाताला लागते. हात फिरवण्याआधी तार बाहेर आलेली नाही हे बघून घ्या, ती हात कापते. थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेत किंवा बॅलन्सिंग गेलं आहे. खळगे आणि धार यांचा आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा येतो. म्हणून बेअरिंग बदलायला सांगितलं की आधी पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून बघावेत. आवाज जागा बदलत असेल तर तो टायरचा आहे.

३. टायर बरोबर आहे ना?

हे पटकन होतं. टायरवरचा साइज स्टिकरशी जुळतो का बघा. त्याच्या शेजारचा लोड इंडेक्सही बघा: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. साइज तोच पण इंडेक्स कमी, असा टायर भरलेल्या गाडीखाली जास्त दबतो आणि जास्त तापतो. चार आकडी तारीखही वाचा. २३२३ म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा.

मोठ्या रिमचे, कमी उंचीचे टायर दिसायला छान असतात, पण ते दाबातल्या आणि अलाइनमेंटमधल्या छोट्या चुका अजिबात पोटात घालत नाहीत. पुढच्या वेळी टायर घेताना कंपनीने त्याच मॉडेलला लहान रिमचा पर्याय दिला आहे का, हे जरूर विचारा.

४. चाकांची अदलाबदल

साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला. पुढची चाकं वळतात आणि बहुतेक गाड्यांत ओढतातही, म्हणून ती वेगळ्या तऱ्हेने झिजतात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अदलाबदल फक्त त्याच बाजूला, पुढून मागे. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत हे काम टाळूच नका. तिथे टायरच्या व्यासात फरक पडला की पुढच्या-मागच्या चाकांमधलं कपलिंग सतत घसरत राहतं आणि तापतं. किती मिलिमीटरचा फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. अशा गाडीत एकच टायर फाटला म्हणून एकच नवा टाकण्याआधी ते पान वाचा.

५. सवयी आणि सेटिंग

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझमध्ये पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात कमी ठेवलं असेल तर गाडी दर थोड्या वेळाने स्वतः ब्रेक मारते. ते अंतर वाढवा. दाट रहदारीत क्रूझ बंदच ठेवलेला बरा, कारण माणसाला दोन गाड्या पुढचं दिसतं आणि तो आधीच पाय काढतो. लांब उतारावर पेडलवर पाय टेकवून उतरू नका. खालचा गिअर घ्या आणि लागेल तेव्हा ब्रेक ठाम मारून सोडा. सतत टेकवलेला ब्रेक थंड व्हायला वेळच मिळत नाही आणि तापलेलं लायनिंग फार झपाट्याने जातं.

ऑटो होल्डमुळे, म्हणजे थांबलेल्या गाडीचा ब्रेक आपोआप धरून ठेवणाऱ्या सोयीमुळे, पॅड संपतात असं मला बरेच जण सांगतात. तसं नाही. चाक फिरतच नसेल तर घासायला काही नसतं. मात्र लांब उतारावरून आल्यावर डिस्क प्रचंड तापलेली असताना गाडी थांबवून ब्रेक घट्ट दाबून ठेवला, तर लायनिंगचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो आणि पुढे तिथेच थरथर सुरू होते. अशा वेळी उतार संपल्यावर थोडं अंतर ब्रेक न वापरता चालवा, मग थांबा.

६. गरम चाकाची परीक्षा

पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक शक्य तितका कमी वापरत गाडी चालवा. शेवटी वेग आपोआप कमी होऊ द्या आणि हळू थांबा. आता चारही चाकांची उष्णता बघा. दुरून तापमान मोजणारा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर तळहात रिमच्या जवळ धरा, डिस्कला चुकूनही हात लावू नका. डाव्या-उजव्या चाकात थोडा फरक चालतो. पण एक चाक कोमट आणि त्याच्या जोडीचं चटका देणारं असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. लवकर झिजणाऱ्या पॅडचा निम्मा शोध या एका परीक्षेत लागतो.

७. पॅड बघा, आतला आणि बाहेरचा दोन्ही

रिमच्या आऱ्यांमधून फक्त बाहेरचा पॅड दिसतो. तो जाड आहे म्हणून समाधान मानू नका. बऱ्याच गाड्यांत पॅड संपल्याची सूचना देणारा सेन्सर प्रत्येक चाकाला नसतो, एका-दोन ठिकाणीच असतो. ज्या चाकाला सेन्सर नाही तिथला पॅड धातूपर्यंत घासला तरी दिवा लागत नाही.

यापुढे चाक काढावं लागतं. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करा, बाकीच्या चाकांना अडण लावा आणि जॅकखेरीज स्टँड लावल्याशिवाय काहीही सोडू नका. ब्रेकची पूड हवेच्या झोताने उडवू नका, ती श्वासात जाते. ब्रेक क्लीनर वापरा.

या गाड्यांत बहुतेक ठिकाणी सरकता कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा, असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने पूर्ण कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. एवढी रचना डोक्यात ठेवली की झीज वाचता येते. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप पातळ असेल तर एकतर पिना अडकल्यात आणि आतला एकटाच काम करतोय, किंवा पिस्टन मागे येत नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर आत सरकतो पण परत सुटत नाही, म्हणजे पुन्हा पिनाच. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे. आणि एका चाकाचे दोन्ही पॅड सारखेच संपले, समोरच्या चाकाचे मात्र शाबूत, तर तेलाचा दाब त्या चाकात अडकून राहतोय का ते बघावं लागेल.

ब्रेक फ्लुइडची पातळी थोडी खाली गेली असेल तर लगेच भरू नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं फ्लुइड कॅलिपरमध्ये जातं. वर भरून ठेवलं तर नवे पॅड बसवताना तेच उतू जाऊन रंग खातं. पातळी खुणेच्याही खाली असेल किंवा पॅड जाड असूनही उतरली असेल, तर मात्र गळती शोधायला हवी.

८. पिना आणि पॅडची जागा

मी हातात घेतलेल्या लवकर झिजलेल्या पॅडमागे सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं आणि दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळा हेच वगळलं जातं. पॅड बदलताना पिना बाहेर काढून साफ करायला जास्तीची काही मिनिटं लागतात. ती वाचवली की नवे पॅड जुन्याच दुखण्यात बसतात.

पिन हाताने सहज आत-बाहेर व्हायला हवी आणि हलकेच हवा दाबल्यासारखी परत यायला हवी. रबरी बूट फाटला असेल तर आत पाणी आणि धूळ गेलीच समजा. पिन पूर्ण पुसा, भोक साफ करा, गंजाने खड्डे पडले असतील तर पिन बदला. ग्रीस ब्रेकसाठीचंच आणि रबराला चालणारं हवं. साधं चॅसिसचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. ग्रीस कोंबूही नका, आत हवा अडकून पिन परत बाहेर ढकलली जाते. अनेक कॅलिपरमध्ये वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीवर रबरी बाही असते. काढताना कुठली कुठे होती ते फोटो काढून ठेवा.

पॅडचे कान ज्या खाचांत बसतात तिथल्या स्टीलच्या क्लिपाही काढा. त्यांच्याखाली गंज फुगला की खाच अरुंद होते आणि पॅड अडकतो. खरवडून साफ करा. नवा पॅड बोटांनी सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागला तर तो ब्रेक सुटल्यावर मागे येणार कसा?

इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत मागच्या कॅलिपरला स्वतः हात घालायचा असेल तर एक नियम पाळाच: आधी सर्व्हिस मोड, म्हणजे हँडब्रेकची मोटर पिस्टनला मोकळं सोडते ती स्थिती. तो मेन्यूतून किंवा स्कॅनरने लागतो. तो न लावता क्लॅम्पने पिस्टन मागे दाबला तर आतला स्क्रू किंवा मोटरचे गिअर मोडतात आणि पॅडच्या कामाचं रूपांतर पूर्ण कॅलिपर बदलण्यात होतं. मोड लावता येत नसेल तर मागचे ब्रेक उघडू नका.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक एसयूव्हीत उलटंच दुखणं असतं. मोटरच गाडीचा वेग कमी करते म्हणून पॅड फार कमी वापरले जातात. कमी वापरामुळे पिना आणि क्लिपा गंजतात, आणि जाड पॅड असलेला ब्रेक जाम होतो. तिथे पॅड संपलेले नसले तरी ठराविक काळाने ही साफसफाई हवीच. टायर मात्र बॅटरीचं वजन आणि पेडल दाबताच मिळणारी ताकद यांमुळे जास्त झिजतात.

९. चाक तरीही जड फिरत असेल तर

पिस्टनला मागे ओढायला स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीची चौकोनी छेदाची रबरी रिंग ब्रेक मारताना किंचित वाकते आणि दाब गेला की पूर्ववत होऊन पिस्टनला केसभर मागे आणते. ती जुनी झाली किंवा पिस्टनवर गंज चढला की पिस्टन जिथे आहे तिथेच राहतो. दुसरी शक्यता रबरी होजची, म्हणजे कॅलिपरपर्यंत फ्लुइड नेणाऱ्या नळीची. तो बाहेरून चांगला दिसतो, पण आतला थर सुटून झडपेसारखा वागतो: दाब आत जातो, परत येत नाही.

हे दोन वेगळे ओळखायची पद्धत अशी. चाक वर उचलून ब्रेक दाबून सोडायचा. चाक जड झालं की कॅलिपरचा ब्लीडर (फ्लुइड आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) किंचित उघडायचा. थोडं फ्लुइड जोरात येऊन चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता, म्हणजे होज किंवा त्याच्या वरची यंत्रणा. चाक तसंच जड राहिलं तर पिस्टन किंवा पिना. वाचायला सोपं आहे, पण ब्लीडर उघडला की हवा आत जाऊ शकते आणि काही गाड्यांत एबीएस युनिटमधली हवा स्कॅनरशिवाय निघत नाही. ही परीक्षा मेकॅनिककडूनच करून घ्या. तुम्हाला ती माहीत असेल तर निदान कॅलिपर, होज आणि मास्टर सिलिंडर एकदम बदलायची यादी पुढे आल्यावर ‘ब्लीडर उघडून बघितलं का?’ हे विचारता येईल. फ्लुइड दोन वर्षांहून जुनं असेल तर त्याच वेळी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं: डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर हीच किमान मर्यादा १५५ धरली जाते.

१०. आधी सैल जोड, मग अलाइनमेंट

क्रम उलटा झाला तर पैसे वाया जातात. लोअर आर्मचा बुश (सस्पेन्शनच्या जोडातलं रबर) फाटलेला असेल, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड (स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) सैल असेल, तर मशीनवर उभ्या गाडीचे आकडे हिरवे येतात आणि रस्त्यावर ब्रेक मारताच चाक तिरकं होतं. म्हणून आधी चाक वर उचलून वर-खाली धरून हलवायचं, मग डावी-उजवीकडे धरून. वर-खाली खुटखुट लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. आडवी लागली तर टाय रॉड. शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेल ओघळलंय का बघायचं. बुश मात्र पहारीने दाबून बघावे लागतात, ते काम लिफ्टवरचं.

अलाइनमेंटमधला टायर खाणारा आकडा म्हणजे टो, चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप. पाय तिरका टाकत चालणाऱ्याची चप्पल जशी एका कडेने जाते, तसं हे आहे. ७०० मिमी व्यासाच्या टायरवर दोन चाकांत मिळून ३ मिमीची चूक असेल, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे दोन मीटर आडवं घासत जातं. दहा हजार किलोमीटरला वीस किलोमीटर. आणि गाडी एका बाजूला ओढेलच असं नाही, कारण दोन्ही चाकं सारखीच चुकलेली असतील तर ती एकमेकांना तोलून धरतात.

या गाड्यांत चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. ज्यांचं मागचं सस्पेन्शन अनेक आर्मचं असतं, तिथे मागचा टोही बदलतो आणि सेट करता येतो. फक्त पुढची चाकं बघून ‘झालं’ म्हणणाऱ्याकडे मागच्या आतल्या कडेची झीज कधीच थांबत नाही. मागे बरंच वजन घेऊन नेहमी फिरत असाल तर तेही सांगा. गाडी मागे बसली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि आतल्या कडेवर भार येतो. गाडी उंच किंवा बुटकी करून घेतली असेल तर मूळ मापं लागूच होतील असं नाही.

काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या. आधीचे आकडेही बरोबरच असतील तर झीज दुसऱ्या कारणाने होती आणि शोध थांबवायचा नाही. स्टीअरिंग अँगल सेन्सर रीसेट केला का, आणि समोरच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन तुमच्या मॉडेलला लागतं का, हेही विचारा. नाहीतर लेन धरून ठेवणारी यंत्रणा गाडीला उगाच सावरत राहते.

इथे थांबा, गाडी चालवू नका

पेडल मऊ लागतंय किंवा जमिनीकडे जातंय. लाल ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडूनही जात नाही. ब्रेक मारताना धातूवर धातू घासल्याचा आवाज येतो. चाकातून धूर येतो. गाडी ब्रेक मारताच एका बाजूला झेपावते. टायरची तार दिसते किंवा बाजूला फुगवटा आला आहे. यातलं काहीही असेल तर गॅरेजपर्यंत ‘हळूहळू’ नेऊ नका, टो करून न्या. होज, पाइप, मास्टर सिलिंडर, एबीएस युनिट, इलेक्ट्रिक हँडब्रेकची मोटर आणि सस्पेन्शनचे जोड ही कामं घरी करायची नाहीत. ब्रेक उघडल्यावर एखादा भाग कसा बसतो याची खात्री नसेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा.

थरथरीसाठी डिस्क बदलायला सांगितलं तर आधी जाडी मोजून मागा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. जाडी पुरेशी असेल तर हबच्या तोंडावरचा गंज साफ करून डिस्कचा डगमग मोजायला सांगा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी फरकही पेडलला जाणवतो. चाकाचे बोल्ट इम्पॅक्ट गनने मनमानी आवळले तरी हाच त्रास होतो. टॉर्क रेंचचा आग्रह धरा.

नवे पॅड बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा, म्हणजे लायनिंग डिस्कवर पूर्ण बसतं. गॅरेजमधून निघण्याआधीच पेडल दोन-चार वेळा दाबून ते कडक लागतंय याची खात्री करा, पिस्टन मागे दाबलेले असताना पहिला ब्रेक लागत नाही. त्याच दिवशी एका कागदावर आठही पॅडची जाडी आणि प्रत्येक टायरचे तीन आकडे किलोमीटरसह लिहा. पुढच्या सर्व्हिसला तेच पुन्हा मोजा. कुठलं चाक बाकीच्यांच्या पुढे पळतंय हे तेव्हाच दिसेल, पॅडमध्ये अजून भरपूर जाडी शिल्लक असताना.